ह्यांचा आवाज कुठं ठेवलाय

आमच्या ह्यांचा आवाज काही महिने अमेरिकेत होता. असं माझा मुलगा म्हणायचा, मी नाही. ज्या माणसाला पुण्याच्या पुढं जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, त्याचा आवाज एकटाच अमेरिकेला गेला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीटसं कळलेलं नाही. पण झालं ते झालं, सांगते.

हे म्हणजे माझे मालक. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून 'हे'. आधी एस.टी.त कंडक्टर होते, मग भोरच्या स्टँडवर कंट्रोलर झाले. दिवसभर केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणून एकदा सुरू झाले की फलाटावरची कुत्रीसुद्धा उठून बसायची. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर उत्रोलीच्या खाचरात भात लावणाऱ्या बायकांना ह्यांचा आवाज ऐकू जायचा, असं लोक सांगतात. मला ते जरा जास्तच वाटतं. पण बाजारात मी कुणाची कोण हे सांगायला लागायचं नाही. "पुकारणाऱ्यांची मंडळी" म्हटलं की भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकायची.

आणि घरी? घरी आले की तोंडाला कुलूप. सगळा आवाज स्टँडवर सांडून यायचा आणि रिकामी किटली तेवढी माझ्या पुढ्यात आणून ठेवायची. मला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. उंबऱ्याच्या आत पाय पडला की "अगं, कुठं गेलीस?" एवढंच. मी मोरीत असो, परसात असो, "आले, आले" करत यायचं. कधी कधी डोकं फिरायचं माझं. म्हणायची, "कुठं जाणार? स्वारगेटला? तुमीच पुकारा की कुठली गाडी लागलीय ते!" त्यावर नुसतं हसायचे. सव्वीस शब्दांत आमचा संसार झाला म्हटलं तरी चालेल.

तर ही दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. ह्यांचा घसा बसला. आधी वाटलं धुळीनं बसलाय. मग हळद-गुळण्या झाल्या, काढे झाले, देवरुषी तेवढा राहिला. शेवटी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "शिट्टी वाजवता येईल का?" डॉक्टरांना काही समजेना. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मोठमोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू देत. जीव वाचतोय त्याचा आनंद करावा की आवाज चाललाय त्याचं दुःख, हेच मला उमजेना. मला एवढंच कळत होतं, की आता मला "अगं" कोण म्हणणार?

मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. एकच मुलगा आमचा. तो रविवारी घरी आला आणि म्हणाला, "आई, ऑपरेशनच्या आधी बाबांचा आवाज भरून ठेवू." कॉलेजात असताना त्याच्यासाठी घेतलेला कॉम्प्युटर घरात होताच. त्यानं टेबलावर माइक मांडला. हे आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. बघते तर खाकी घालून, भांग पाडून उभे. मी म्हटलं, "अहो, आवाज घ्यायचाय, फोटो नाही." तर म्हणाले, "ड्रेसबिगर त्वांड उघडत न्हाई."

मला म्हणायचं होतं, काहीतरी घरातलंही बोला. मला काहीतरी बोला. पण असलं तोंडानं सांगायची का गोष्ट आहे? मी रागारागानं मागं जाऊन भांडी घासत बसले. मध्ये पाण्याचा तांब्या काय तो नेऊन दिला असेल. मग बाहेरून एकेक गाडी सुटायला लागली. वेल्हा सुटली, पुणे सुटली, घाटातनं महाड सुटली, आंबवडं, हिर्डोशी, मुक्कामी गाड्या, उशिरा धावणाऱ्या गाड्या, रद्द झालेल्या गाड्या. आवाज चिरकत होता पण खणखणीत पुकारत होते. संपल्यावर मी मुलाला हळूच विचारलं, "काय काय बोलले?"

"सगळ्या गाड्या."

"आणि?"

"आणि काय?" तो म्हणाला.

कप्पाळ माझं. बापाचा मुलगा.

मग त्यानं तो आवाज नेटवर ठेवायचा घाट घातला. मी त्याच्या शेजारी बसून बघत होते. कॉम्प्युटर बिघडला तरी नेटवरचं जात नाही, म्हणून तिथं ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. पण एवढा मोठा आवाज एका पत्रात, म्हणजे त्या ईमेलात, मावत नव्हता. म्हणून त्यानं त्याचे तुकडे केले आणि एकेका पत्राला एकेक तुकडा जोडून ती पत्रं पाठवली. कुणाला? तर स्वतःलाच! घरचाच एक पत्ता काढला होता त्यानं, त्या पत्त्यावरनं त्याच पत्त्यावर. मी म्हटलं, "अरे, आपणच पोस्टमन, आपणच घरवाले? मग पाठवायचं कशाला? हातात आहे की!"

"आई, पाठवलं की ते तिथं राहतं."

"तिथं म्हणजे कुठं?"

"ईमेलवाल्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. असेल अमेरिकेत कुठंतरी." मग मान खाजवत म्हणाला, "हल्ली ह्याला ढग म्हणायला लागलेत. ढगात ठेवलंय समज."

आता पानशेतच्या बाजूनं चढून येणारे ढग मी लहानपणापासून बघत आलेय. माझं माहेर वेल्ह्याकडचं. त्या ढगात ठेवलेलं काही कुणाला परत मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. एकीकडं डॉक्टर गळा कापायला बसलेला, दुसरीकडं मुलगा आवाजाचे तुकडे करतोय, आणि दोघंही म्हणतात ह्यानंच वाचेल. डोकं चालेनासं झालं माझं. जाताना त्यानं मला पासवर्ड पाठ करून घेतला आणि बजावलं, "ही किल्ली समज. कुणाला द्यायची नाही."

आता इथंच खरी मेख आहे. किल्ली कुणाला द्यायची नाही म्हणजे काय? आमच्या आळीत गावाला जाताना किल्ली बरोबर घेऊन गेलेला माणूस मी पाहिला नाही. किल्ली शेजारी द्यायची, ही रीतच आहे. शेजारीण तुळशीला पाणी घालते, तिन्हीसांजेला दिवा लावते, दूधवाल्याला सांगते, अंगण झाडते. घर बंद ठेवलं की त्याला वाळवी लागते. किल्ली कमरेला लावून जाणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर शेजाऱ्याला चोर समजणारा असतो.

आमच्या शेजारी भाभी. मुसलमानाचं घर, तीन पिढ्या भोरातच, मराठी माझ्यापेक्षा सरळ. आमच्या तुळशीला त्यांच्या हातचंच पाणी जास्त पोचलं असेल. त्यांच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि तासाच्या हिशेबानं नेटही मिळायचं. गल्ल्यावर भाभीच असायच्या. तेव्हा पुण्याला निघताना मी त्यांना घराची किल्ली दिली, गॅसचा नंबर लावायला सांगितला आणि पासवर्डही सांगितला. "ह्यांचा आवाज आहे हो त्यात. जरा लक्ष ठेवा."

भाभींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "वैनी, तुमी बिनघोर जावा."

पुण्यात नणंदेकडं राहिलो. ऑपरेशन झालं. मग लाईट, म्हणजे गळ्यावर ती किरणं, घ्यायला रोजच्या रोज हॉस्पिटल. ते दिवस सांगण्यासारखे नाहीत आणि मी सांगणारही नाही. भोरला परतलो तेव्हा ह्यांच्या गळ्याला पुढं एक भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. घर मात्र बघावं! अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, तुळस हातभर वाढलेली, डब्यातल्या डाळीला ऊन दाखवलेलं. भाभींना मी मिठीच मारली.

आता हे मला हाक कशी मारणार? तर त्यांनी कंडक्टर असतानाचं तिकिटाचं पंच शोधून काढलं. तेच ते, रिकामं दाबलं तरी टिक-टिक वाजतं. चहा हवा, टिक-टिक. रुमाल हवा, टिक-टिक. दार लावायचंय, टिक-टिक. मला असा संताप यायचा! येऊन पुढ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "मी काय पॅसेंजर आहे?" 'आले' हा शब्द काही त्या टिक-टिकला माझ्या तोंडातनं निघायचा नाही. लोखंडाला काय 'आले' म्हणायचं? हे बिचारे ओशाळून खाली बघायचे. मग मला आतमध्ये जाऊन रडू यायचं.

त्याच सुमारास एकदा लाईट गेली आणि आली ती अशी भसकन आली की दोन बल्ब उडाले, आणि कॉम्प्युटरच्या डब्यातनं जळका वास यायला लागला. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि मयताला आल्यासारखं तोंड केलं. मुलगा तेव्हा कंपनीच्या कामानं बेंगलोरला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "काही घाबरू नको. नेटवर आहे ना सगळं. भाभींकडं जा आणि ऐका दोघं. मी फोनवर सांगतो कसं ते."

खरं सांगते, मला आनंदच झाला. इतके दिवस धीर होत नव्हता ऐकायचा. आता निमित्त मिळालं. गाड्या तर गाड्या, मी मनाशी म्हटलं. आवाज तर तोच आहे. वेल्ह्याच्या गाडीला पुकारताना माझ्याच माहेरला पुकारतायत असं समजेन.

दुपारी क्लास रिकामा असताना गेलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, पंच खिशात. भाभींनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, पंखा लावला. मुलगा फोनवर, फोन माझ्या कानाला. भाभींनी पत्रांची पेटी उघडली.

"आई, विचार त्यांना, सगळे तुकडे दिसतायत का?"

मी विचारलं. भाभी म्हणाल्या, "कसले तुकडे? एकच तर आहे."

मुलगा फोनमध्ये म्हणाला, "एकच कसं? त्याच नावाची ओळीनं पत्रं असतील बघ."

"हां, होती की!" भाभी खुशीत म्हणाल्या. "तीच साफ केली मी."

भाभी सांगायला लागल्या. त्यांच्याकडं येणारी पोरं नेट हळू चाललं की बटण दाबत सुटतात, आणि एकच पत्र पुन्हा पुन्हा जातं. ते तर रोजचंच. आमची पेटी उघडली तर एकाच नावाची एवढी पत्रं. त्यात कुठल्या कुठल्या लॉटऱ्यांची, औषधांची रद्दी येऊन पडलेली. त्यांना वाटलं, आमचा मुलगा त्या दिवशी घाबरलेला, बटण दाबत सुटला असेल. म्हणून रद्दी काढली, जास्तीची पत्रं काढली, आणि सगळ्यांत पहिलं तेवढं जपून ठेवलं. "रोज बघत होते वैनी. अंगण झाडलं की मग पेटी बघायची. एक दिवस चुकवला नाही."

"कचऱ्यात बघा, कचऱ्यात!" मुलगा फोनमध्ये ओरडत होता. कचरा बघितला. तोही रिकामा. मुलगा म्हणाला, महिना झाला की तो आपोआप जातो.

मग मात्र मी तोंड सोडलं. काय काय बोलले देवाला माहीत. म्हटलं, "घर झाडायला सांगितलं होतं, माणूस झाडायला नव्हतं!" म्हटलं, "तुमच्या मालकांचा असता तर झाडला असता का?" भाभींचा चेहरा पांढराफटक पडला, ओढणीचं टोक तोंडात धरलं त्यांनी. मग एवढंच म्हणाल्या, "तुमीच म्हणालात लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे आनि काय करायचं, वैनी?" करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पण मग चूक कुणाची? ज्यानं सारखी नावं दिली त्याची, जिनं किल्ली दिली तिची, की जिनं जिवापाड घर राखलं तिची? मी तेव्हापासून हे कोडं सोडवतेय, सुटत नाही. आणि ते मेलं नेट! जे कधीच जात नाही म्हणे!

टिक-टिक.

ह्यांनी पंच टेबलावर आपटून वाजवलं. आम्ही दोघी वळून बघायला लागलो. ह्यांनी भाभींच्या डोक्यावर हात ठेवला, मग पडद्यावरच्या त्या उरलेल्या एका पत्राकडं बोट दाखवलं. लावा.

भाभींनी डोळे पुसले आणि लावलं.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मुलगा म्हणतो, "हं, बाबा, सुरू झालंय. बोला."

"काय बोलू?"

तो आवाज. अगबाई, तो आवाज! मी ह्यांच्याकडं बघायचंच टाळलं. समोर पडद्याकडं बघत राहिले, जसं काही तिथं कुणी दिसणार होतं.

"गाड्या पुकारा की."

"थांब जरा. घसा वाळलाय. पानी पायजे." खोकला. पुन्हा खुर्ची. आणि मग मोठ्यानं, नेहमीसारखं, "अगं... अगं ए! कुठं गेलीस?"

"आले, आले!" मी म्हटलं, आणि ताडकन उठून उभी राहिले.

आणि त्याच वेळी त्या डब्यातनंही माझाच आवाज आला, लांबून, मोरीतनं, "आले, आले!" मागोमाग भांड्याची आदळआपट. मी भाभींच्या खोलीत हात पुढं करून उभी, जसा काही हातात तांब्या आहे. भाभी माझ्याकडं बघतायत. फोनमध्ये मुलगा, "आई? काय झालं? आई?"

डब्यात पाणी प्यायल्याचा आवाज. मग ह्यांचा आवाज, बारीक, मला सांगितल्यासारखा. "बस की हितं जरा. म्या बोलतो तवर."

आणि माझा आवाज, फणकाऱ्यानं, "बसू कुठं? भांडी तशीच पडलीत सगळी."

मला हे आठवतच नव्हतं. शपथेवर सांगते, एक अक्षर आठवत नव्हतं. मी म्हणत राहिले, ह्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

पावलं लांब गेली. ह्यांनी घसा खाकरला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. भोरहून वेल्ह्याला जानारी..."

आणि बंद. तुकडा संपला तिथं. वेल्ह्याची गाडी काही सुटली नाही, पुण्याची नाही, महाडची नाही. सगळ्या तालुक्याच्या गाड्या झाडून गेल्या होत्या.

मी तशीच उभी. ह्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत हे मला कळेना, कारण आता त्यांच्या दोन्हीला आवाज नसतो. मग त्यांनी टेबलावरचं पंच उचललं आणि माझ्या रिकाम्या खुर्चीवर हळूच वाजवलं. टिक-टिक.

"परत लावू?" भाभींनी विचारलं.

"लावा," म्हटलं, आणि बसले.